कुनाचा रं तू?

हिंजवडीजवळच्या चांद्यात येऊन माझं घर विचारलंत, तर कोणी सांगणार नाही. म्हणून खूण सांगून ठेवतो. नांद्याकडून येणारा रस्ता ओढ्यापाशी वळतो, तिथं दुमजली पिवळं घर आहे. कुंपणाला घाणेरी माजलीय. दाराशी माझी राजदूत उभी आहे, तिच्या फाटक्या सीटमध्ये चिमणीनं घरटं केलंय. खालच्या मजल्यावर मी. वरचा मजला सुधीरसाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी बांधला. रंग सुनेनं कॅनडातून फोटो बघून निवडला. रंग आला, ती दोघं काही आली नाहीत.

मी जनार्दन. मास्तर होतो. धरणाच्या काठच्या वस्त्यांवर सगळी नोकरी झाली. एका खोलीत चार इयत्ता आणि बाहेर महिनोनमहिने धुकं. पोरं पळून जाऊ नयेत म्हणून गोष्टी सांगायला लागलो आणि ती खोड जन्माला चिकटली. ताम्हिणीच्या घाटात मी एका बिबट्याला सातचा पाढा शिकवलाय. 'सात साते'वर अडला बिचारा. तो आठवत बसला, तेवढ्यात मी सटकलो. शारदा, माझी बायको, म्हणायची, "तुमच्या दहा वाक्यांतलं एक खरं असतं, आणि तेही चुकून." शारदा गेली आणि मग ते मोजणारंही कोणी राहिलं नाही.

वरचा मजला रिकामा असला की खालच्या माणसाला छत ऐकू येतं. म्हणजे आवाज नसतो, तो ऐकू येतो. जेवताना मान वर करायची सवय लागते. मला लागली होती.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात हिंजवडीहून तिघं जण जागा बघायला आले. पुढं जुईली, तिशीतली, चष्मा डोक्यावर चढवलेली. मागं ऋषिकेश, लातूरकडचा, हातात हेल्मेट. आणि अपूर्वा, जी बोलायची कमी आणि प्रत्येक भिंतीकडं बघून डोळे बारीक करायची. शेजारची बाळाबाई कुंपणापलीकडं लाकडं मोडत होती. माझ्या भाकऱ्या तीच थापून द्यायची. तिनं मान वर केली आणि जुईलीला विचारलं, "कुनाची गं तू, पोरी?"

हा प्रश्न आमच्याकडं नव्या माणसाला पहिला विचारतात. नाव नंतर. बापाचं, सासऱ्याचं, मामाचं, कोणाचं तरी नाव सांगितलं की माणूस बसायला मोकळा. पण जुईली अमरावतीची. तिला वाटलं, नोकरी कुठं ते विचारतायत.

"कंपनीची होते, मावशी. आता सुटतोय आम्ही."

"सुटताय? काय केलं हुतं?" बाळाबाई म्हणाली.

तिघंही असे हसले की चिमणी सीटमधून उडाली. त्या हसण्यावर मी जागा देऊन टाकली.

त्यांचं प्रकरण मला चहाच्या दोन फेऱ्यांत कळलं. हे लोक कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायचे. त्यांची छोटी कंपनी परदेशातल्या एका बड्या कंपनीनं विकत घेतली होती. मंदी आली, बड्या मालकाला खेळ नकोसे झाले आणि तो दुकान बंद करायला निघाला. जुईलीनं भांडून कंपनी सोडवून घेतली. मालकाची अट एकच. माणसं न्या, जुनी मशिनं न्या, पण आजवर केलेला एकही खेळ न्यायचा नाही. त्यातलं चित्र नाही, नाव नाही, एक रेघसुद्धा नाही. सुटकेचा शेवटचा कागद अजून यायचा होता. तोवर ते कागदोपत्री त्या मालकाचेच. चाळीस माणसांतली बाकीची दुसऱ्या नोकऱ्या धरून पांगली. हे तिघं राहिले.

"दिवाळीपर्यंत नवा खेळ उभा राहिला तर राहिला," जुईली म्हणाली. "नाहीतर आम्ही पण पुन्हा कुठल्यातरी काचेच्या बिल्डिंगमध्ये. खरं सांगते काका, मग तुम्ही दुसरा भाडेकरू बघा."

तिला वाटलं मला भाड्याची काळजी. मला काळजी छताची होती.

दुसऱ्या दिवसापासून तिघं सकाळी कामाला येत, रात्री परत जात, आणि माझ्या डोक्यावर खुर्च्या सरकायला लागल्या. अपूर्वाच्या चपला चटचट वाजायच्या. ऋषिकेश टाच आपटून चालायचा. जुईली फोनवर बोलताना खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालायची. मी खाली डाळ-भात खाता खाता कोण कुठं आहे ते सांगू शकायचो. ऋषिकेशची एक गंमत होती. गळ्यातलं, दार उघडायचं कंपनीचं कार्ड जाऊन महिना झाला तरी माझ्या दाराशी आला की त्याचा हात छातीवर जायचा आणि तो चौकटीला छाती लावून उभा राहायचा. दार उघडं असलं तरी.

"अरे, हे लाकडाचं आहे," मी म्हणायचो.

"सवय, काका," तो म्हणायचा. "अजून त्यांचाच आहे ना मी."

पण खेळ काही सुचेना. जे सुचे ते जुन्या कुठल्यातरी खेळासारखं निघे, आणि जुईली ते पुसून टाकायला लावी. वरची पावलं मंदावली. एक दिवस तर दुपारभर छत गप्प होतं. मी चहा घेऊन वर गेलो आणि गोष्ट सांगायला बसलो.

धरणाच्या पाण्याखाली निवेळी नावाचं एक गाव आहे, असं मी सांगितलं. असलं गाव नाही. धरण माझ्या जन्माआधीचं, खाली काय आहे ते मी कुठून बघणार? पण सांगायला लागलो की मला दिसतं. एक चढती गल्ली सांगितली, तिच्या टोकाला जांभळाचं झाड, मध्ये चावडी, खाली वेस. वरच्या अंगाला सारजाबाई नावाची म्हातारी आपल्या दाराच्या पायरीवर बसलेली. एक गुडघा वर, कपाळावर हात आडवा धरलेला, तोंडावर पदराची सावली. गाव पाण्यात गेलं तरी ती उठली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कुनाचा रं तू?" बरोबर घराचं नाव सांगेल त्यालाच पुढं सोडते.

अपूर्वाचा हात आधीच चालायला लागला होता. ती एका काळ्या पाटीवर काडी फिरवायची आणि चित्र समोरच्या पडद्यावर उठायचं. सारजाबाई उमटली. मी सांगितली तशीच. खरं म्हणजे जरा जास्तच तशी.

"काका, एक मिनिट," जुईली म्हणाली. "ही गोष्ट कोणाची आहे? म्हणजे कुठं छापून आलीय? कोणाचा हक्क वगैरे?"

"कुणाचीच नाही," मी म्हणालो. "घे तुला."

गोष्टीचा शेवट मात्र मी सांगितला नाही. शेवट शिल्लक असला की पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत येतात. ही मास्तरकीतली जुनी युक्ती.

छत पुन्हा वाजायला लागलं. सारजाबाईचा आवाजही मीच दिला. डोक्यावर टॉवेलचा पदर घेतला, माइकपाशी तोंड नेलं आणि नाकातून म्हटलं, "कुनाचा रं तू?" अपूर्वा हसून हसून खुर्चीवरून घसरली. श्रावण गेला, गणपती गेले. निवेळीत घरं उभी राहिली, विहिरीला रहाट आला. मी रोज नवी थाप घेऊन जायचो आणि दुसऱ्या दिवशी ती पडद्यावर फिरून बघायचो. आयुष्यात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी ऋषिकेश कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"म्हातारी चावडीवर आलीय," तो म्हणाला.

मी पाहिलं. सारजाबाई आपल्या पायरीवर नव्हती. चावडीच्या पायरीवर बसली होती. तोच गुडघा, तोच हात.

"चुकून सरकली असेल," मी म्हणालो.

"सरकेल कशी? तिला चालायचंच नाही. अपूर्वानं ती बसलेलीच काढलीय. लुगड्याखाली पाय पण नाहीत, काका."

"गुडघा आहे," अपूर्वा हळूच म्हणाली. "बाकी काही नाही काढलं."

त्यानं ती उचलून पुन्हा तिच्या दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती विहिरीशी होती. त्यानंतर वेशीवर. ऋषिकेश रोज उचलून ठेवायचा, आणि तिच्याशी बोलायचा, "चला आज्जी, घरी चला." काही दिवसांनी त्यानं नाद सोडला. वेशीवर बसली तर बसू दे म्हणाला, तिथं तशी ती जास्त शोभते. मी मात्र पडद्याकडं बघताना एक गोष्ट पाहिली, ती बोललो नाही. आधी तिचं तोंड गल्लीकडं असायचं. वेशीवर ती आमच्याकडं तोंड करून बसली होती.

दसऱ्याच्या आधी कागद आला. कुरिअरवाला फाटकाशी हाका मारत होता, आणि जुईली जिन्यावरून अनवाणी धावत आली. पाकीट फोडून तिनं तो जिन्यातच वाचला. मग खाली बसली.

"सुटलो," ती म्हणाली. "सही झाली. आता आपण कुणाचे नाही."

मी पेढे आणले. वर नुसता गोंधळ चालला होता. ऋषिकेशला हुक्की आली. सारजाबाईच्या प्रश्नाला खेळणाऱ्यानं उत्तर द्यायला घरांच्या नावांची पाच-सहा बटणं होती. त्यानं तिथं एक नवं बटण घातलं. कुणाचाच नाही.

"यावर ती काय बोलणार?" जुईलीनं विचारलं.

"काही नाही. लिहिलंच नाहीये काही. गप्प बसेल म्हातारी."

त्यानं माझ्या आवाजातला प्रश्न लावला. कुनाचा रं तू? आणि बटण दाबून ओरडला, "कुणाचाच नाही!"

पडद्यावर क्षणभर काही झालं नाही. मग सारजाबाईनं कपाळावरचा हात खाली घेतला.

"मग माझा," ती म्हणाली.

आवाज माझा नव्हता.

पोरं टाळ्या पिटत होती. जुईलीला वाटलं ऋषिकेशनं आधीच करून ठेवलंय, ऋषिकेशला वाटलं अपूर्वानं आणि मी मिळून. एकेकीनं पुढं होऊन बटण दाबलं. अपूर्वा म्हणाली, "कुणाचीच नाही." जुईली म्हणाली, "अजिबात कुणाची नाही." दोन्ही वेळा म्हातारी म्हणाली, "मग माझी."

मी पेढ्याचा पुडा हातात धरून उभा होतो. कारण मी राखून ठेवलेला शेवट तोच होता. अगदी तेच शब्द. ते मी कोणाला सांगितले नव्हते. घरात एकटा असतानाही तोंडातून काढले नव्हते.

"काका, या ना, तुम्ही पण!" ऋषिकेशनं माझा हात ओढला.

"मी शारदेचा," मी म्हणालो. तसं बटण नव्हतं, म्हणून सगळे हसले आणि मला सोडून दिलं.

ऋषिकेशच्या आईचा रोज दिवेलागणीला फोन यायचा. त्या संध्याकाळी आला नाही. पुढच्या संध्याकाळी त्यानंच लावला. मी कपबशा गोळा करत होतो.

"आई, मी." मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. "अगं मी, ऋषी." पुन्हा ऐकलं. फोन कानापासून काढून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आई मजा करतीय. कोण पाहिजे म्हणती."

तिसऱ्या दिवशी त्यानं फोन लावला नाही. चौथ्या दिवशी मी आठवण केली, तर म्हणाला, "कुणाला, काका?"

त्याच आठवड्यात अपूर्वा बॅग घेऊन आली. सूस गावात ती ज्या बाईंकडं राहायची, त्यांनी तिची कॉट दुसऱ्या मुलीला दिली होती. बाईंनी दार उघडून तिला विचारलं होतं, जागा बघायला आलात का? अपूर्वानं हे जेवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं.

जुईलीला न्यायला तिचा नवरा मनीष गाडी घेऊन यायचा. त्या शुक्रवारी ती फाटकाशी उभी होती, मी ओट्यावर. गाडी वळणावर आली, हळू झाली. मनीषनं काच खाली केली, तिच्याकडं पाहिलं. जुईलीनं हात वर केला. एखादी अनोळखी बाई हात करते तेव्हा माणूस बघतो, तसा तो ओशाळून हसला आणि पुढं निघून गेला. धूळ बसेपर्यंत तिचा हात वरच होता.

मग ती वळली आणि म्हणाली, "काका, आज पिठलं करता?"

तिघंही वर राहायला लागली. तुम्ही म्हणाल मी घाबरलो असेन. घाबरलो होतोच. पण आता दिवसरात्र डोक्यावर पावलं होती. सकाळी चूळ भरल्याचे आवाज, दुपारी भांडणं, संध्याकाळी चौघांची ताटं. मी लसूण सोलताना गुणगुणायला लागलो होतो.

एक दिवस बाळाबाई फडक्यात भाकऱ्या बांधत म्हणाली, "गुर्जी, येवड्या भाकरी कुनाला लागत्यात?"

"वर पोरं आहेत ना."

"कुटली पोरं?"

"अगं, हिंजवडीची. त्या जुईलीला तूच विचारलं होतंस, कुनाची म्हणून."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "गुर्जी, थापा कवा माराव्यात त्याला बी काय येळ असती. माडी रिकामीच हाय तुमची. बांदली तवापासनं."

मी तिला हाताला धरून वर नेणार होतो. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून छत वाजलेलं नाही.

वर खुर्च्या जागच्या जागी होत्या. चहाचे कप धुवून पालथे घातलेले. अपूर्वाची बॅग नव्हती, हेल्मेट नव्हतं. तीन पडदे काळे, एक चालू. त्यावर निवेळी. वेशीच्या पायरीवर सारजाबाई बसली होती आणि तिच्या शेजारी माझ्याकडं पाठ करून तिघं. एकीच्या डोक्यावर चढवलेला चष्मा. एकीची मान जरा वाकडी, भिंतीकडं बघताना व्हावी तशी. आणि तिसऱ्याचं कोपर वाकलेलं, हात छातीवर गेल्यासारखं.

मी हाका मारल्या. नावं घेऊन मारल्या. मग पडद्यावर हात ठेवला. तो कोमट होता, एवढंच.

त्यानंतर मी कॉम्प्युटर बंद केला नाही. तालुक्यात लाइट जायची तेव्हा इन्व्हर्टरवर चालायचा, आणि इन्व्हर्टर संपल्यावर कशावर चालायचा ते मला विचारू नका. मी पोलिसांकडं जाऊन आलो. फौजदार म्हणाला, आजोबा, अशा नावांची कोणी माणसं हरवल्याची तक्रार कुठंच नाही. हरवलेल्या माणसाला कोणीतरी शोधणारं लागतं ना? लातूरला ऋषिकेशच्या आईला फोन केला. बाई म्हणाल्या, मला दोन मुलीच.

दिवाळी आली. सुधीरचा फोन यायचा होता, आला नाही. मी एकटाच वर जाऊन बसलो. खिडकीबाहेर ओढ्यापलीकडं कोणाच्या तरी घरी आकाशकंदील लागत होता. खाली छत ऐकत बसायचं, त्यापेक्षा वर बरं.

"कुनाचा रं तू?" सारजाबाई म्हणाली.

स्पीकर बंद होता. त्याची वायर माझ्याच हातात होती, मी ती गुंडाळत होतो.

"शारदेचा," मी म्हणालो.

"ती कुटं हाय?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

"सुधीरचा बाप," मी म्हणालो.

"त्यो कुटं हाय?"

"कॅनडात. येणार आहे उद्या."

पायरीवर कोणीतरी हसलं. ओळखीचं हसू होतं. चिमणी उडेल असं.

"कुनाचा रं तू, मास्तर?"

जिभेवर ढीगभर उत्तरं होती. सरकारचा, शाळेचा, गावाचा. त्या बिबट्याचा म्हणून सांगितलं असतं तरी म्हातारीनं ऐकून घेतलं असतं, असं मला अजून वाटतं. जन्मभर ज्याचा सराव केला ते तेवढं एकदा कामी आलं असतं.

पण पायरीवर तिघांच्या शेजारी एक जागा होती. आणि खालचं घर गप्प होतं.

मी खरं सांगितलं.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. छतावर खुर्च्या सरकत होत्या, चटचट चपला वाजत होत्या, कोणीतरी टाच आपटत खिडकीकडं गेलं. झोपेतच मी मोजलं. सगळी होती.

सकाळी नेहमीसारखं फडकं घेऊन कुंपणाशी गेलो आणि बाळाबाईला हाक मारली. ती चुलीपुढून उठून आली. कपाळावर हात आडवा धरून तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पदर सावरला.

"कुनाचं वो तुमी, बाबा?"